दोन्हीकडून सुरू होणारी वही

भदौरिया वकिलांच्या टेबलावर बाबांची वही उघडी होती.
एजी ऑफिसात बत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या हिशोबांवर लाल खुणा करणारा हा माणूस
माझ्या लग्नातही तारीखवार लिहीत होता :

१४ फेब्रुवारी. रोख तीन लाख, पाकिटं दोन.
१६ फेब्रुवारी. मोटारसायकल, रंग त्यांच्या पसंतीचा.
१९ फेब्रुवारी. विहीणबाईंना गोठ. वजन दोनदा केले.
आणि समासात, ऑडिटच्या सवयीने, शेरा :
'मागितले नाही. सुचवले.'

वकिलांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.
"साब, सुचवले से काम नहीं चलेगा.
लिखिए, माँगा. लिखिए, मजबूरी में दिया."
बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"मजबुरी होतीच," ते म्हणाले,
"पण गाडीचा रंग विचारायला
फोन मी केला होता."

मग हलकेच, पेन्शनची तारीख विचारावी तसं :
"कायद्यात देणाराही येतो ना?"
येतो, वकील म्हणाले. पण तक्रार घेऊन आलेल्याला
कोणी हात लावत नाही. घबराइए मत.
"घाबरत नाही हो. विचारतोय.
लावायला हवा की नको?"

वकिलांनी पंख्याकडे पाहिलं.
बाहेर टेम्पोवाला बाडा, बाडा ओरडत होता.

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.
नको, बाबा.
देणाऱ्यालाच बेडी घातली तर थान्याची पायरी चढेल कोण?
परवा माझ्या शेजारी बाकावर बसलेली ती मुरारची मुलगी,
एकाच कानात डूल असलेली,
तिचा बाप फाटकाशी सायकल धरून उभा होता,
स्टँडवर लावतसुद्धा नव्हता.
तो तर अर्ध्या वाटेतून वळला असता.

मी बोलले नाही.
कारण गोठांचं माप द्यायला सराफ्यात मीच गेले होते,
सासूबाईंच्या मनगटाचा दोरा पर्समध्ये घेऊन.
त्याची गाठ सैल होऊ नये म्हणून
सबंध रस्ताभर पर्स मांडीवर, सरळ.
कोणी ढकललं नव्हतं मला. ऊन छान पडलं होतं.
सोनार म्हणाला, नशीबवान आहेत विहीणबाई,
आणि मी हसले.

वकील पानं उलटत शेवटाशी पोचले
आणि थांबले.
वही तिकडूनही सुरू होत होती.
उलटी धरली की तेच ठसठशीत अक्षर :
'चि. शंतनू विवाह. आवक.'
फ्रिज, दोन दारी. धुण्याचे मशीन.
अंगठी एक तोळा, साखळी अडीच.
समासात शेरा :
'मागितले नाही. आनंदाने दिले.'

"ये पन्ने तो फाड़ ही दीजिए."

बाबांनी वही जवळ ओढली.
मधोमध शिवलेली, दोनशे पानी.
एक पान धरून जरासं खेचलं,
तर पुढचं एक पान आपोआप सैल झालं.
फ्रिज काढला तर मोटारसायकल निखळत होती.
त्यांनी ते दोनदा करून पाहिलं.
वजन करताना पाहिलं होतं तसंच.

संध्याकाळी दौलतगंजच्या घरी
वहिनी दूध काढायला फ्रिजशी गेली.
"काय म्हणाले वकील?"
बाबांनी वही पिशवीतून काढलीच नाही.
"अगं मृण्मयी, तुझ्या वडिलांनी
लिहून ठेवलं असेल का गं कुठे?"

"नाही," ती म्हणाली, "त्यांना सवय नाही लिहायची.
आईला पाठ आहे."

आणि पातेलं दोन्ही हातांत असल्यामुळे
दार तिने गुडघ्याने लोटलं.
ते पहिल्यांदा कधीच लागत नाही.
आल्या दिवसापासून.